झाकण

स्टुडिओ बंद केला तेव्हा पावणेदोनशे सीडी उरल्या,
न नेलेल्या.
हळदी, बारशी, एक साठीशांत,
प्रत्येकीवर माझ्याच अक्षरात नाव, हॉल, तारीख
आणि खाली: बाकी रु. ६००.

सिडकोतल्या घरी त्यांचा उपयोग एकच,
कपावर झाकण.
मधल्या भोकातून वाफ जाते, माशी जात नाही.

तर एकदा दूध गरम करताना
झाकण काढायला विसरलो.

मायक्रोवेव्हच्या पोटात निळं काहीतरी तडतडलं,
विझलेल्या माळेतली शेवटची लवंगी उडावी तसं.
दोन सेकंद, फार तर तीन.
मग जळक्या खेळण्याचा वास,
मग खटका पडला,
पंखा थांबत थांबत थांबला,
आणि आतून हेमलता: घर जाळताय का!

सीडी बाहेर काढली तर तिच्यावर झाड उगवलेलं.
पानं नाहीत, नुसत्या फांद्या,
मे महिन्यात गंगापूर धरणाच्या काठचा गाळ
असाच फाटत जातो.
पंचवीस वर्षं मी फ्रेम लावली, लाइट मारला,
नवरदेवाला ‘जरा हसा की’ म्हणालो.
इतकं देखणं माझ्या हातून एकदाही निघालं नव्हतं.

दुसरी मुद्दाम.
खिडकी उघडी, तोंडाला रुमाल,
आत पाण्याचा पेला, बोट बटणावर.
निमसे वायरमन म्हणाला, काका,
ह्या डब्यात माणूस मारण्याइतका करंट असतो,
आणि तुम्ही ह्यात लग्नं भाजताय.

फेब्रुवारीत शाल्मलीनं मखमलाबादहून द्राक्षं आणली.
एक मणी अर्धा चिरला, सालीचा धागा तेवढा ठेवून,
आणि दोन फाकांमध्ये
गुणगुणणारी एक ज्योत उभी राहिली.
पोरगी टाळ्या वाजवत होती, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाची.
ताटलीला तडा गेला तो तेव्हाचा.
उरलेली द्राक्षं आम्ही खाल्ली,
हेमलतानंसुद्धा, रागारागानं.

आता भिंतीवर चाळीस सीडी आहेत, चाळीस खिळ्यांवर.
तीनच्या सुमारास ऊन आत येतं
आणि छतावर मासोळ्या फिरतात.

परवा सुचेता निरगुडे आली.
धाकट्या भावाचं लग्न, दोन हजार आठ, उंटवाडीचा हॉल.
वडील जाऊन महिना झाला होता.
सहाशे रुपये आणले होते, सुटे.
म्हणाली, वरातीत बाबा नाचले होते,
आयुष्यात तेवढंच एकदा.

मी खोकं काढलं, उगाच चाळलं.
ती कुठे आहे ते मला ठाऊक होतं:
चौथी रांग, डावीकडून दुसरी.
शेवटी बोट दाखवलं,
आणि चुकून नाही, मुद्दाम, हेही सांगितलं.

तिनं ती खिळ्यावरून उतरवली, उजेडाकडे धरली.
एका भेगेवरून नख फिरवत विचारलं,
किती वेळ लागला?
तीन सेकंद.
अमरधामात बाबांना तीन तास लागले, ती म्हणाली,
आणि हसली,
आणि मग ते हसू कुठं ठेवावं तिला कळेना.

ओढणीत गुंडाळून घेऊन गेली.
पैसे नको म्हणालो तरी ठेवून गेली.

एक सांगायचं राहिलं.
त्रिमूर्ती चौकात वरात थांबली,
लोकांनी त्यांना ओढत मध्ये आणलं,
त्यांनी टोपी काढून कुणाच्या तरी हातात दिली,
आणि माझी बॅटरी संपली.
दुसरी लावेपर्यंत ते बाजूला येऊन घाम पुसत होते.
सीडीत होतं ते तेवढं पुसणं.

सहाशे रुपये अजून मायक्रोवेव्हवर आहेत.
पंख्यानं उडू नयेत म्हणून
वर एक सीडी ठेवली आहे.